मुस्तफाचं मशीन आणि खारी हवा

मार्चमध्ये मालवणातून टेम्पोत घालून एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन घरी आणलं आणि पहिला पाऊस पडायच्या आधी ते चालू केलं. मधल्या अडीच महिन्यांत काय काय केलं ते लिहून ठेवतोय, कारण कोकणात अशी मशीनं अजून कुणाकुणाच्या पडवीत, माळ्यावर, मागच्या खोपीत पडून असणार आणि लोक ती किलोच्या भावाने भंगारात देतायत. देऊ नका हो. निदान हे वाचा आणि मग ठरवा.

मशीन कुठलं ते आधी सांगतो. बाजारपेठेत एक पार्लर होतं, शाळा सुटली की आमची पावलं तिकडेच. रुपयाला एक कॉइन. मशीनं तीन होती पण गर्दी एकाच मशीनवर, मुस्तफाच्या. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा, पण ते नाव घेताना मी तरी तेव्हा कुणाला ऐकलं नाही. त्यातला पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यात चपळ, म्हणून सगळ्यांना तोच पाहिजे असायचा आणि मग गेमलाच मुस्तफा नाव पडलं. पार्लर बंद होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. पार्लरवाल्या काकांनी दोन मशीनं भंगारात दिली आणि हे तिसरं त्यांच्या घरामागे जाळी ठेवायच्या खोलीत राहिलं, वर ताडपत्री टाकलेली. मी दोन वर्षं मागे लागलो होतो, शेवटी साडेचार हजाराला दिलं. म्हणाले, "फुकट दिलंय तर तू नीट ठेवचंस नाय." बरोबर बोलले.

चौघांनी मिळून उतरवलं. आई ओटीवर उभी, म्हणाली, "ह्यां कपाट खंय ठेवतलंस?" पडवीच्या कोपऱ्यात जागा केली.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. घरी आणल्या आणल्या प्लग लावू नका. हात शिवशिवतात, मला माहितीये, चालतंय का बघूया एकदा असं वाटतंच, पण तिथेच मशीनं मरतात. पंधरा वर्षं जाळ्यांच्या खोलीत पडलेल्या मशीनमध्ये काय असतं? मीठ. जाळ्यांना मीठ, भिंतीला मीठ, हवेत मीठ. आणि मीठ नुसतं बसून राहत नाही. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठसुद्धा स्वतःच पाणी ओढून विरघळतं, पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं ओलं होतं तसंच, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते तर त्याच्याही खूप आधी पाणी धरतात. म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावर कायम एक पातळ खारट पाण्याचा थर. तो तांबं खातो हे एक आणि त्यातून करंट वाहतो हे दुसरं. अशा बोर्डाला एकदम वीज दिली की जिथे जायला नको तिथे व्होल्टेज जाणार. आपल्याकडची मशीनं वयाने जात नाहीत, मिठाने जातात, असं माझं आता ठाम मत आहे. आणि मीठ पाण्याने धुवून निघतं ही त्यातली चांगली बातमी.

मागचं दार उघडायलाच अख्खी सकाळ गेली, स्क्रू गंजून एकजीव झालेले. आत बघितलं तर स्पीकरच्या मागे कुंभारीण माशीची मातीची घरं, ओळीने सात, एकदम गुळगुळीत लिंपलेली. ट्रान्सफॉर्मरवर झुरळांची अंडी, पालींची रिकामी टरफलं, आणि धूळ अशी की काळी चिकट साय. खाली कॉइनच्या पेटीत पितळी टोकन सापडली अकरा, हिरवी पडलेली, आणि एक स्टीलचा रुपया, कणसं असलेला, १९९८ चा. तो रुपया हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. माझा नसेलही, पण असूही शकतो ना. टोकन आईने आमसुलाच्या पाण्यात भिजवून घासली, देवाची भांडी घासतात तशी, लख्ख निघाली.

धुळीसाठी ब्लोअर मारू नका, धूळ उडून कनेक्टरांच्या फटीत जाते. जुना रंगाचा ब्रश आणि शेजारी व्हॅक्यूमचा पाइप धरायचा, ब्रशने सुटी करायची पाइपने ओढायची. आणि एकही वायर काढायच्या आधी फोटो. मी एकशे चाळीस फोटो काढले आणि प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून नंबर घातला, तरी कंट्रोल पॅनेलच्या दोन वायरींत गोंधळ झालाच.

प्लायवूडची अवस्था वरून ठीक, खालून वाईट. तळाचे सहा इंच वाळवीने पोकळ केलेले, बोट घातलं तर आत जात होतं. तेवढं सरळ कापून टाकलं आणि अठरा एमएमचं मरीन प्लाय जोडलं. मरीन घेताना आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, नुसतं वॉटरप्रूफ म्हणून दुकानदार काहीही देतात. कापलेल्या कडांना काजूच्या बीच्या टरफलाचं तेल पाजलं, होडीला लावतात ते, वाळवी त्याला तोंड लावत नाही. पण हातमोजे घालूनच, कातडी निघते त्याने. आणि खाली रबराचे पाय लावून दीड इंच उचललं, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागणार नाही.

कंट्रोल पॅनेलवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात कमी बदललं. मुस्तफाला बटणं दोनच, एक मारायचं आणि एक उडीचं, दोन्ही एकदम दाबली की स्पेशल, त्यात आपली लाइफ थोडी जाते. एक नंबर प्लेअरचं मारायचं बटण मी काढून तळहातावर घेतलं तर मधोमध खळगा पडलेला, बशीसारखा, आणि त्याची लाल चकाकी जाऊन विटकरी रंग आलेला. उडीचं बटण शेजारीच, जवळजवळ नवं. जॉयस्टिकच्या डाव्या अंगाला जिथे मनगट टेकतं तिथला सनमायका झिजून खालचं लाकूड दिसतंय, अर्ध्या चंद्रासारखं. सगळे म्हणाले नवीन शीट मार, कणकवलीला मस्त प्रिंट करून देतात. नाही मारली. एवढ्या पोरांनी हात टेकून टेकून केलेली जागा आहे ती, ती पुसायला मी कोण. साबणाच्या पाण्याने पॅनेल धुतलं, पत्र्याच्या कडेचा गंज पॉलिश पेपरने काढून रेड ऑक्साइड मारला, बास. बटणं कोमट पाण्यात टूथब्रशने घासली आणि परत तीच बसवली. खालचे मायक्रोस्विच मात्र सगळे नवे टाकले, त्यांच्या पट्टीवर हिरवं चढलं होतं आणि ते स्वस्तात मिळतात, तिथे भावनेचा प्रश्न नाही.

दोन नंबरच्या जॉयस्टिकचा लट्टू गायब होता. ऑनलाइन प्लॅस्टिकचे मिळतात, पण मी दांड्याचे आटे मोजले, सहा एमएमचे, आणि दांडा घेऊनच सरळ सावंतवाडीला गेलो चितारआळीत. लाकडी फळं आणि खेळणी करणारे एक काका आहेत, त्यांना सांगितलं पस्तीस एमएमचा गोळा पाहिजे आणि आत सहाचा नट बसवायचाय. त्यांनी दांडा फिरवून फिरवून बघितला, कशाचा आहे विचारलं, सांगितल्यावर हसले आणि लेथवर लाकडाचा तुकडा चढवला. फिरत्या गोळ्याला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या गरमीने लाख वितळून लाकडावर चढते, मग वरून केवड्याचं पान दाबून धरलं आणि जो लाल चकचकीत रंग आला ना, तो प्लॅस्टिकला येणं शक्यच नाही. वीस मिनिटांत झाला. आता एका जॉयस्टिकवर जुना काळा लट्टू आणि दुसऱ्यावर सावंतवाडीचा लाल, आणि मला तो कुठल्याही ओरिजिनल पार्टपेक्षा जास्त आवडतो.

आता बोर्ड. या मशीनमध्ये आहे तो कॉपी बोर्ड, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कॉपीच असायचे, आणि एका अर्थी ते बरं झालं. कॅपकॉमच्या मूळ बोर्डात एक बॅटरी असते, प्रोसेसरला गेमचं कुलूप उघडायची किल्ली तिच्या जिवावर आठवते, बॅटरी संपली की किल्ली गेली आणि गेम बंद. लोक तिला सुसाइड बॅटरीच म्हणतात. कॉपीवाल्यांनी ते कुलूपच काढून टाकलं होतं, त्यामुळे हा बोर्ड पंधरा वर्षं पडून पण जिवंत राहायची आशा होती.

बोर्ड धुतला. हो, पाण्याने. विहिरीचं पाणी आमच्याकडे जड आहे म्हणून वापरलं नाही, भांड्याचा साबण थोडासा घालून मऊ ब्रशने हलक्या हाताने घासला, मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलेलं त्याने दोनदा खळखळून धुतला आणि शेवटी आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ओतून पाणी हुसकलं. कनेक्टरची सोनेरी बोटं पांढऱ्या खोडरबराने पुसली, पॉलिश पेपर तिथे चुकूनही लावू नका, सोन्याचा थर केसापेक्षा पातळ असतो. आणि मग पडवीत सावलीत, सुपात जुना पंचा घालून त्यावर वाळत ठेवला.

आणि मी देवगडला गेलो एका कामाला.

परत आलो दुपारी साडेतीनला. खळ्यात आमसुलं वाळत घातलेली, शेजारी फणसाच्या पापडांची चटई, आणि त्यांच्या मधोमध कडकडीत उन्हात माझं सूप. आईला वाटलं सावलीत वाळणार कधी, पोराचं काम लवकर होईल, म्हणून तिने प्रेमाने बाहेर आणून ठेवलेलं. मी गाडी स्टँडला पण लावली नाही. प्रॉब्लेम असा की बोर्डावर ज्या चिपमध्ये गेम भरलेला असतो ती ईप्रॉम, तिच्या पाठीवर एक छोटी गोल काचेची खिडकी असते, आणि त्या खिडकीतून अल्ट्राव्हायोलेट किरण आत गेले की आतला गेम पुसला जातो. चिप पुसायची पद्धतच ती आहे. म्हणून त्या खिडकीवर कायम स्टिकर असतो. आणि धुताना माझे दोन स्टिकर सुटले होते, ते वाळल्यावर लावू म्हणून मी तसेच सोडलेले. चूक शंभर टक्के माझी. खिडकीतून आतली चिप चमकत होती, सोन्याच्या केसासारख्या तारा चारही बाजूंनी आल्यात आणि मध्ये करड्या रंगाचा नखाएवढा तुकडा, त्यात सगळा मुस्तफा. चिपच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की थेट उन्हात साधारण आठवडाभरात चिप कोरी होते. आमच्या उन्हात चार तास झाले होते. हिशेबाने काही व्हायला नको, पण पंचवीस वर्षांची जुनी चिप, तिच्यात आधीच किती जीव उरलाय कुणी सांगावं. काळी टेप लावली, बोर्ड कपाटात ठेवला आणि आईला काही बोललो नाही. तिने संध्याकाळी विचारलं, "सुकला मां नीट?" मी हो म्हणालो.

तुम्ही कराल तेव्हा धुवायच्या आधीच खिडक्यांवर काळी टेप मारा. एवढं लक्षात ठेवा.

पिक्चर ट्यूबच्या बाबतीत मी स्वतः काही केलं नाही, आणि ज्याला येत नाही त्याने करूही नये. आमच्याकडचे टीव्ही मेकॅनिक, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, दूरदर्शनच्या काळापासून ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करतायत, ते आले. ट्यूबच्या कुशीला जी रबरी टोपी असते तिथे चालू असताना वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ट्यूब तो चार्ज धरून ठेवते. अण्णांनी लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधली, तिचं दुसरं टोक ट्यूबवरच्या अर्थच्या जाळीला, एक हात पाठीमागे, आणि ड्रायव्हर हळूच टोपीखाली सरकवला. मी जवळ गेलो तर ओरडले, "आधी हात मागे घे!" मग पाच मिनिटं थांबून परत एकदा तेच केलं, कारण काचेत थोडा चार्ज परत वर येतो. टोपी काढली तर खाली मिठाचा पांढरा कडक वेटोळा. तो तसाच राहिला असता तर पावसाळ्यात तिथूनच चर्र चर्र ठिणग्या उडाल्या असत्या, अण्णा म्हणाले किनाऱ्यावरचे निम्मे टीव्ही असेच जायचे. आयपीएने पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं. त्यांनी चॅसिसवरचे फुगलेले कंडेन्सर बदलले, एलओटीच्या, म्हणजे ट्यूबला मोठं व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांना नवं सोल्डर दिलं.

पॉवर सप्लाय वेगळा तपासला, बारा व्होल्टच्या लाइनला बाईकचा बल्ब लावून. पाच व्होल्ट नेहमी बोर्डावर मोजा, सप्लायवर नको. माझ्याकडे सप्लायवर पाच दाखवत होतं आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला ४.६, आणि ४.७५ च्या खाली या चिपा धड चालत नाहीत. वायर आतून हिरवी झालेली. नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, टाकला. हार्नेस जॅमाचा, छप्पन पिनचा, १९८५ च्या आसपास जपानच्या मशीनवाल्यांनी मिळून ठरवलेला, त्यामुळे आजही रेडीमेड मिळतो. पार्लरवाले काका गेम बदलायचे तेव्हा नुसता बोर्ड काढून दुसरा खोचायचे ते याच्याचमुळे. आणि अर्थिंग नक्की करा, पत्र्याच्या पॅनेलला वेगळी अर्थची वायर. पार्लरमध्ये पावसात चपला काढून खेळताना बसलेले झटके मला अजून आठवतात.

चालू केलं ते वीस मेच्या संध्याकाळी. अण्णा, मी, शेजारचा माझा पुतण्या, आणि आई दारात. स्विच टाकला. ट्यूबच्या मानेत केशरी उजेड आला, बारीक शिट्टी आली, आणि स्क्रीनवर मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ. बाकी काळं. अण्णांनी झटकन मागे हात घालून ब्राइटनेस पाडला, रेघ तशीच राहिली तर ट्यूब भाजते. "व्हर्टिकल गेलाहा," म्हणाले, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारं सर्किट. मी मात्र कान देऊन उभा, कारण पुतण्याने टोकन टाकलं होतं आणि आतून कॉइनचा आवाज आला. तोच आवाज. म्हणजे बोर्ड जिवंत होता. निदान प्रोग्रामची चिप तरी उन्हातून वाचली होती. मला एकदम भरून आलं, खरंच.

व्हर्टिकलच्या आयसीच्या दोन पायांभोवती भिंगातून बघितलं तर केसासारखी गोल चीर, ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड. अण्णांनी सगळ्या पायांना परत सोल्डर दिलं, एक हजार मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर बदलला आणि परत चालू केलं, आणि चित्र दोन्ही बाजूंनी पडदा उघडावा तसं उघडलं. कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग होता तो डिगॉसिंग कॉइल, ट्यूबमधलं चुंबकत्व घालवते ती, फिरवून गेला. मी सगळ्यांना बाजूला करून तिसऱ्या स्टेजपर्यंत खेळलो, गाडी चालवायची ती स्टेज, प्रत्येक डायनोसॉर नीट बघितला, कुठे चित्र फाटलंय का, चौकोन दिसतायत का. काही नाही. सगळं शाबूत.

बरेच जण सल्ला देतात की ट्यूब काढ, एलसीडी टाक, हजार गेमवाला बोर्ड टाक, सगळं मिळून ट्यूबच्या निम्म्या त्रासात होईल. मला हे पटत नाही. हा गेम २२४ ओळींचा आहे आणि तो ट्यूबसाठीच काढलाय, दोन ओळींमध्ये जी बारीक काळी फट राहते तिच्यामुळे मुस्तफाची टोपी गोल दिसते. एलसीडीवर तीच टोपी पायऱ्या पायऱ्यांची होते. ट्यूबवर खाली इन्सर्ट कॉइनची अक्षरं जळून उमटलीयत, मशीन बंद असतानाही तिरक्या उजेडात वाचता येतात. ती जाणार नाहीत आणि मला ती घालवायची पण नाहीत.

पार्लरवाल्या काकांना जूनच्या पहिल्या रविवारी घरी बोलावलं. त्यांना आता गुडघ्यांचा त्रास आहे, खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत, आधी मागे जाऊन तळाला लावलेलं नवं प्लाय ठोकून बघितलं, मग पुढे आले. मी टोकन काढायला गेलो तोपर्यंत त्यांनी कॉइनच्या दाराची फट उघडून आत हात घातला, नजर समोर स्क्रीनवर, आणि डाव्या बाजूला वर कुठेतरी बोटाने दाबलं. टिक, टिक. दोन क्रेडिट पडले. ते सर्व्हिसचं बटण तिथे आहे हे अडीच महिने आत डोकं घालून बसलेल्या मला फोटो बघितल्याशिवाय सापडत नाही. पुतण्याला म्हणाले, "तू मुस्तफा घे." स्वतः जॅक घेतला. उजवीकडे उभे राहिले म्हणजे सावंतवाडीचा लाल लट्टू त्यांच्याच हातात आला, दोनदा अंगठा फिरवून बघितला आणि काही न बोलता खेळायला लागले.

आता पाऊस सुरू झालाय. मशीनच्या आत तळाशी झिरोचा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवलाय, पंधरा वॅटचा असतो तो, साड्यांच्या कपाटात ठेवतात तसा, म्हणजे दमट धरत नाही. लाईटचा इथे भरवसा नाही, म्हणून स्टॅबिलायझर लावलाय आणि पाऊस-वीज असेल तेव्हा प्लग काढून ठेवतो. रोज संध्याकाळी अर्धा तास चालवतो, आतली गरमी हवी म्हणून. स्पीकरचा कागद एका बाजूने फाटलाय, त्याचा आवाज खरखरतो, ते काम गणपतीच्या आधी करायचंय. मागच्या दाराच्या आत कुंभारणीचं एक घर मी मुद्दाम राहू दिलंय, रिकामंच आहे.